तीन पावलं मागे

“चार नंबर, तीन पावलं मागे.”

माईक चालू होता. उल्हासनगरचं मैदान, शाळांच्या स्पर्धा, मुलींची शंभर मीटरची फायनल. मी नववीत होते. चौथ्या लेनमध्ये. स्टार्टर सरांनी क्लॅपर वाजवला, मी निघाले, आणि पाच-सहा पावलं गेल्यावर मागून शिट्टी. वळून बघितलं तर बाकीच्या सात जणी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या आणि सरांचं बोट माझ्याकडे होतं.

क्लॅपर म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या. आमच्याकडच्या स्पर्धांना बंदूक नसते. फळ्या एकमेकींवर आपटल्या की पळायचं. वर्षानुवर्षं त्या फळ्या याच सरांच्या हातात. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे.

ते माझ्यापाशी आले. छातीवरच्या नंबराचा कागद वाचला.

“शाळा कुठली?”

मी बदलापूरच्या शाळेचं नाव सांगितलं.

“ते नाही. राहायला कुठे?”

“ठाकूरवाडी. बारवी धरणाच्या बाजूला.”

“हां.”

तो ‘हां’ मला अजून ऐकू येतो. आदिवासी वाडी म्हटल्यावर गणित सुटल्यासारखा होता तो. मग माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाले, “चोरायची सवय वाडीत चालत असेल. इथे स्टार्ट चोरायचा नाही. खरं तर बादच करायला पाहिजे, पण लहान आहेस, मेहरबानी करतोय. चल, तीन पावलं मागे.”

आणि बुटाच्या टाचेने त्यांनी माझ्या लेनमध्ये मागे एक रेघ मारली. बाकीच्यांना चुन्याची पांढरी रेषा, मला मातीत खरवडलेली.

मंडपात गाडीतून उतरलेले पाहुणे नुकतेच बसत होते. खुर्च्यांवर आईवडील होते, हातात पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर टोप्या. ते हसले. फार दुष्टपणे नाही. मजा वाटली म्हणून हसले. एका बाईंनी फोन काढून माझा फोटो घेतला. आणि मी काय केलं? मी मागे गेले. एक, दोन, तीन. त्या रेघेवर वाकले. शेजारच्या मुलींचे तळपाय मला पुढे दिसत होते, स्पाइक्सच्या खिळ्यांसकट.

चौथी आले. पळून झाल्यावर सर माईकवर म्हणाले, “बघा, चोरी काढून घेतली की काय उरतं ते.”

मी रडले नाही. रडायला हवं होतं, निदान आतलं काहीतरी बाहेर गेलं असतं. मी नंबराच्या कागदाच्या टाचण्या काढत बसले. चार टाचण्या. एक बोटात घुसली.

खोटं सांगणार नाही. घरी येताना टमटममध्ये मलाच वाटायला लागलं, की चोरला असेल का मी स्टार्ट? न कळत? एवढा मोठा माणूस, एवढ्या लोकांसमोर, उगाच कशाला बोलेल? त्यांनी मला चोर म्हटलं ते एक वेळ राहू दे. पण त्या टमटममध्ये मी स्वतःला चोर म्हटलं. माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती यासाठी.

कारण मला माहीत होतं मी स्टार्ट कसा शिकले ते.

आईने शिकवला. आईला स्टार्ट हा शब्दही माहीत नाही. सहावीत असताना शाळेत मी क्लॅपर बघितला आणि घरी येऊन तसाच बनवला, फळांच्या खोक्याच्या दोन फळ्या, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. तो आईच्या हातात दिला. म्हटलं, मी वाकून उभी राहते, तू माझ्या मागे उभी राहून वाजव. आई म्हणाली, “मला कामा नायत का गो?” मग आमचं असं ठरलं की तिने तिची कामं करत राहायची आणि मध्येच कधीतरी वाजवायचा.

तर आई भाताखाली लाकूड सारायची, शेजारच्या काकीशी बोलायची, शेवळांची रानभाजी निवडायची, कोंबडी हाकलायची. मी अंगणात वाकलेली. हाताची बोटं मातीत, मागचं सगळं वर. कधी आई लगेच वाजवायची. कधी मला विसरून जायची. एकदा भात उतू गेला, तिने तो उतरवला, पेज काढली, काकीला सुनेची सगळी गोष्ट सांगून झाली, आणि मग फट्ट! माझ्या मांड्या भरून आलेल्या, तरी मी निघाले. आई हसून हसून खाली बसली. “अजून उभीच व्हतीस? मला वाटला गेलीस पानी आनायला.”

दिवसाला तीस-चाळीस वेळा. तीन वर्षं. अंदाज बांधायचा काही मार्गच नव्हता. आईच्या मनात कधी येईल ते आईलाच माहीत नसायचं. म्हणून मी अंदाज सोडून दिला आणि नुसतं ऐकायला शिकले. आवाज आला की पाय निघायचा, मधे मी नसायचेच.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं, “काय झाला गो बाय?”

मी सगळं सांगितलं. बाबा उंबऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, “मागं उभा राहायला सांगितला, तर राहायचा. भांडायचा नाय.” बाबा वांगणीच्या बाजूला एका फार्महाउसवर कामाला जायचे. एकदा तिथली पाण्याची मोटर गेली. मालकाने बाबांना दिवसभर गेटापाशी बसवून ठेवलं, येणारे-जाणारे बघतील असं. आठ दिवसांनी मोटर मालकाच्याच दुसऱ्या फार्महाउसवर सापडली, त्यांच्याच ड्रायव्हरने नेली होती. बाबांना कुणी येऊन सांगितलं नाही. दुसऱ्याकडून कळलं. बाबा पुन्हा कामाला गेले.

आईने मात्र माझ्याकडे बघितलं.

“तू चोरलास का?”

“नाय.”

“मंग मागं का उभी राह्यलीस?”

आई वाईट बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण पुढची तीन वर्षं त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही.

आमच्या शाळेच्या खेळाच्या बाई चांगल्या होत्या. बेलवलीला राहायच्या, स्वतःच्या डब्यातलं खायला द्यायच्या. त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, “हे बघ, तू ना थोडी उशिराच निघत जा. रिस्क घेऊ नकोस. बाकी तुझे पाय आहेतच ना जंगलातले! मागून धरशील सगळ्यांना.”

जंगलातले पाय. आंघोळ करताना मी माझ्या पायांकडे बघितलं. तीन वर्षं दिवसाला चाळीस स्टार्ट, त्याचं काय? ते कुणाला दिसलं नाही. हरले तर चोर आणि जिंकले तर जंगल. मी केलेलं असं काही कुणाच्या हिशोबात येतच नव्हतं.

पण बाईंचं ऐकलं. कानाला खडा लावला. आवाज आला की मनात ‘एक’ म्हणायचं आणि मग निघायचं. पायाला थांबायला शिकवलं. तुम्हाला वाटेल यात काय, पण करून बघा. आवाज येतो, अंग निघालेलं असतं, आणि तुम्ही स्वतःच स्वतःच्या झिंज्या धरून मागे ओढता. दर वेळी. शंभर मीटरमध्ये तेवढं मागे पडलं की संपलं. मी कधी चौथी, कधी पाचवी. सर मला बघितलं की हसून म्हणायचे, “काय, सुधारलीस!” त्यांचं बघून मुलीही म्हणायला लागल्या. माझं नावच पडलं, तीन पावलं. “ए तीन पावलं, सेफ्टी पिन आहे का?” मी द्यायचे.

आईला मी वाजवायला सांगणं बंद केलं. फळ्या चुलीमागे पडून राहिल्या. तिनेही विचारलं नाही. पण जाळायला काही नसलं तरी त्या तिने जाळल्या नाहीत, हे मी बघत होते.

बारावीत होते तेव्हाची गोष्ट. स्पर्धा अंबरनाथला. ऑक्टोबरचं ऊन असं की चुना डोळ्यांत खुपत होता. माझी वयाची मर्यादा संपत आली होती, शाळा-कॉलेजच्या स्पर्धांतलं ते शेवटचं वर्ष. पहिल्या दोघी विभागाला जाणार होत्या. विभागाचं सर्टिफिकेट असलं की मुंबईच्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून हॉस्टेल मिळतं, असं बाईंनी शोधून काढलं होतं. नाहीतर पुढचं शिक्षण माझ्यासाठी बदलापूरच्या बाजारात आईशेजारी रानभाजी विकायला बसूनच होतं. सकाळी हीटमध्ये उशिरा निघून, जीव खाऊन पळून, मी कशीबशी आठवी म्हणून फायनलला शिरले होते.

फायनलला दोन तास होते. मंडपाच्या सावलीत माझ्या शेजारी एक मुलगी प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करत बसली होती. भूमी. उल्हासनगरची, सिंधी, वडिलांचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. शहरातल्या एका मोठ्या अकादमीत पळायला शिकायची. ती आणि मी दोन-तीन वर्षं एकमेकींना बघत होतो, बोललो नव्हतो. तिला आकृती काढायचा कंटाळा आला.

“चल, पट्टी पकड,” ती म्हणाली.

खेळ सगळ्यांना माहीत असेल. एकीने पट्टी उभी धरायची, दुसरीने खाली बोटं उघडी ठेवायची, पट्टी सुटली की पकडायची. जितकी वर पकडाल तितके तुम्ही ढिले. भूमी पंधरा-सोळावर पकडायची. मी आठवर पकडली. मग नऊवर. मग सातवर.

“अरे! फिरसे.”

फिरसे आठ. तिने पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदा.

“तू तो एकदम फास्ट है यार. फिर रेस में इतना लेट क्यों निकलती है?”

मी तिला सांगितलं. उल्हासनगर, नववी, तीन पावलं. तिला आठवत होतं. ती त्याच रेसमध्ये होती. दुसऱ्या लेनमध्ये.

“पण तू काउंट का नाही केलंस?”

“कसला काउंट?”

“सरांचा! सर का फिक्स है ना. ‘सेट’ बोलले की एक, दोन, और फट्ट. नेहमी तेवढंच. आम्हाला अकादमीत तसंच शिकवतात. दोनला निकल जाओ, आवाजासाठी थांबायचंच नाही. कोच बोलता है डेअरिंग रखो, रिस्क लिया तोच पुढे जातो.” मग ती आपल्याशीच आठवत म्हणाली, “त्या दिवशी तो सर ने जल्दी बजाया था. ते पाहुणे येत होते ना गाडीतून, घाईत. आमचा काउंट चुकला. आम्ही एकवरच होतो.”

मी पट्टी उचलून तिच्या जर्नलवर ठेवली.

आलं का लक्षात? सरांनी लवकर वाजवलं. सगळ्या जणी मनात आकडे मोजत होत्या, म्हणून राहिल्या. एकटी मी ऐकत होते, म्हणून निघाले. आणि सरांच्या अंगात स्वतःचीच सवय इतकी मुरलेली की स्वतः वाजवलेली थाप त्यांना स्वतःला लवकर वाटली नाही. मी लवकर वाटले! पूर्ण मैदानात त्या दिवशी एकच मुलगी आवाजावर पळाली होती. तिला त्यांनी चोर म्हटलं.

आणि ज्या आवाजाच्या आधी निघायचं रोज शिकत होत्या, फी भरून शिकत होत्या, त्यांची ती डेअरिंग.

“सॉरी यार,” भूमी म्हणाली. “मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळ्यांना म्हणजे तुम्हाला,” मी म्हटलं.

तिने जर्नल मिटली. तिच्यावर राग नव्हता असं लिहिणार नाही. होता. माझी तीन वर्षं गेली होती, मनात ‘एक’ म्हणण्यात. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी सुटत होतं. टमटममध्ये बसून मी स्वतःला चोर म्हटलं होतं ना, ते सुटत होतं. आईचा प्रश्न परत समोर आला. मंग मागं का उभी राह्यलीस?

फायनलला पुकारलं. मला सहावी लेन. मी रेषेवर जाऊन उभी राहिले. सर फळ्या हातात घेऊन आले, पट्ट्या-पट्ट्यांचा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. लेनवरून नजर फिरवली. माझ्यावर थांबले.

“अरे, तीन पावलं! आलीस का फायनलला?” मग माईकमध्ये, मजेत, “सहा नंबर, तू आत्ताच तीन पावलं मागे उभी राहा. म्हणजे मला शिट्टी वाजवायचा त्रास नको.”

मंडप हसला. तेच हसणं. बाई कडेला उभ्या होत्या, त्यांनीही हाताने खूण केली, जा गं, जा.

माझे पाय, खरं सांगते, हलले. उजवी टाच उचललीही गेली मागे जायला. शरीराला सवय लागते. मग मी ती टाच जमिनीवर दाबली.

“नाही सर.”

“काय?”

“मागे उभी राहणार नाही.”

त्यांनी माईक खाली घेतला. “नाटक नको. पाहुण्यांना जायचंय.”

“मला बाद करायचं असेल तर करा. कागदावर लिहा. का बाद केलं ते लिहा आणि सही करा. मी आत्ता निघून जाते. पण मागे उभी राहणार नाही.”

बाई धावत आल्या. “अगं असं काय करतेस? सर मेहरबानी करतायत, शेवटचं वर्ष आहे तुझं.”

“मेहरबानी नको, बाई.”

आणि मी बसले. लेनमध्ये, चुन्याच्या रेषेवर, मांडी घालून. ठरवून आले नव्हते. पण बसल्यावर कळलं की ही जागा चांगली आहे. मी इथे असेपर्यंत रेस होणार नाही.

सरांचा चेहरा लाल झाला. “उचला हिला!” ते कुणाला तरी म्हणाले. कुणी आलं नाही. ऊन डोक्यावर होतं. मुली कंबरेवर हात ठेवून उभ्या. टेबलापाशी निकाल लिहिणारे एक म्हातारे काका होते, चष्मा दोरीने बांधलेला. ते रजिस्टर घेऊन चालत आले आणि अगदी साधेपणाने विचारलं, “सर, बाद करायचं का? मग शेऱ्यात कारण लागतं. काय लिहू?”

“लिहा... स्टार्ट चोरला.”

“पण अजून सुटलेच नाहीत, सर.”

काका चेष्टा करत नव्हते. त्यांचा पेन खरंच कागदावर टेकलेला होता. सर त्या पेनाकडे बघत राहिले. तीन वर्षं माईकवर बोलत होते, तेव्हा एकदाही अडखळले नव्हते. लिहायची वेळ आली तर माणसाला शब्द सापडेना. ते बघून माझी उरलीसुरली भीतीही गेली. गेलीच. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “सर, तुम्ही ‘सेट’ म्हटल्यावर दोन मोजून वाजवता. दर वेळी. यांना सगळ्यांना माहीत आहे. या वेळी जरा जास्त थांबा. मग बघू कोण चोरतं.”

अकादमीचे कोच सावलीत बसले होते. ते एकदम फोनमध्ये बघायला लागले. भूमीने मान खाली घातली.

सरांनी काकांना हातानेच मागे जायला सांगितलं आणि फळ्या वर केल्या. मला दिसलं त्यांच्या डोळ्यांत. आता मला दाखवणार होते. मी फुटेपर्यंत थांबणार होते.

“ऑन युवर मार्क.”

मी वाकले. बोटं रेषेच्या मागे, अंगठा आणि तर्जनी चुन्याला टेकून.

“सेट.”

एक. दोन.

आणि माझ्या डाव्या-उजव्या बाजूने धडाधड निघाल्या! पहिली गेली, तिच्या मागे दुसरी, भूमीही गेली. फळ्या अजून हवेतच होत्या. मी जागेवर. मांड्या भरून आल्या, मानेवरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि टपकला. मला आई आठवली, भाताची पेज काढणारी, सुनेची गोष्ट सांगणारी. अहो सर, तुम्ही काय थांबाल! माझी आई याच्यापेक्षा जास्त थांबवायची.

शिट्टी वाजली. मी मान वर केली. पाच जणी पुढे होत्या. कुणी दहा पावलं, कुणी पंधरा. रेषेवर आम्ही तिघीच.

माईकमध्ये सरांचा श्वास ऐकू येत होता. मग ते बोलले, आणि इतक्या गोड आवाजात बोलले की मला ओळखू येईना.

“या, या, परत या गं पोरींनो. घाबरलात का? पाणी प्यायचंय कुणाला?”

बस. एवढंच. कुणाला शाळा विचारली नाही. राहायला कुठे ते विचारलं नाही. बुटाने रेघ मारली नाही.

मी म्हटलं, “सर, पाच जणी. तीन पाचे पंधरा. पंधरा पावलं मागे व्हायला पाहिजेत आता.”

काका टेबलापाशी पोहोचले होते. ते आधी हसले. मग मंडपातून कुणीतरी. या वेळचं हसणं दुसरीकडे चाललं होतं.

सरांनी परत फळ्या वर केल्या. आता त्यांना दोनवर वाजवता येत नव्हतं, सगळे बघत होते. कधी वाजवतील ते त्यांनाच माहीत नव्हतं. म्हणजे आमच्या अंगणासारखंच.

फट्ट.

मी निघाले. मनात ‘एक’ म्हटलं नाही. तीन वर्षांनी पहिल्यांदा माझा पाय माझ्याबरोबर निघाला, आणि पन्नास मीटरपर्यंत माझ्यासमोर कुणी नव्हतं. कुणीच नाही. नुसता चुना आणि शेवटची दोरी.

मग सत्तरच्या पुढे एक गेली. नव्वदच्या जवळ भूमी गेली. मी तिसरी आले.

पहिल्या दोघी विभागाला जाणार होत्या. मी तिसरी. हॉस्टेल गेलं, कोटा गेला. बाई रडल्या, मी नाही. त्या दोघी शेवटच्या तीस मीटरला माझ्यापेक्षा भारी होत्या. चांगलं खाल्लेलं, चांगलं शिकलेलं अंग होतं, पण पळाल्या त्या स्वतःच्या पायाने. मी त्यांना चोर म्हणणार नाही. तो शब्द मी कुणाला देत नाही, मला तो कसा लागतो ते माहीत आहे.

घरी सांगितलं. आईने “तिसरी म्हंजी?” विचारलं आणि “बरा” म्हणून चुलीकडे गेली. बाबांना दुसऱ्याच गोष्टीत रस होता.

“तू लिहून मागितलास?”

“हो.”

“सरांकडं?”

“हो.”

“दिला?”

“नाय.”

ते पायाचा अंगठा घासत म्हणाले, “मला सुचला नव्हता.” मोटरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. आयुष्यभर हा माणूस गेटापाशी बसून राहिला, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आरोप करणाऱ्याकडून कागद मागता येतो.

आता मी बदलापूरच्याच कॉलेजात आहे. सकाळी आईबरोबर बाजारात बसते, दुपारी वर्ग, संध्याकाळी पळते. खुल्या स्पर्धांना नाव देते. आई परत वाजवायला लागली आहे. ट्यूबचा तुकडा कुजला होता, बाबांनी नवा ठोकला.

आणि एक गोष्ट मी कधी विसरत नाही. वहीतला एक कोरा कागद चार घड्या घालून मोज्यात, आणि एक छोटा पेन केसांच्या रबरात. रेषेवर गेले की दोन्ही काढून लेनच्या नंबराशेजारी ठेवते, वर खडा ठेवते, वाऱ्याने उडू नये म्हणून. मुली विचारतात, हे काय? मी सांगते. आता बारवीकडच्या आणखी दोघी तसा कागद ठेवतात. शिरगावच्या एका बिल्डिंगमधली एक मुलगीही ठेवते, तिला तिच्या कोचने कशावरून तरी चारचौघांत झापलं होतं.

आजपर्यंत एकाही सरांनी त्या कागदावर एक अक्षर लिहिलेलं नाही. रेस झाली की मी कागद उचलते, घरी आणते, वहीत परत ठेवते. चांगले वीसएक साठले. चुन्याने कडा पांढऱ्या झाल्यात. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. हे तुम्ही वाचताय ते त्याच कागदांवर लिहिलंय.

या रविवारी अंबरनाथला रेस आहे. फळ्या मोठ्या सरांच्याच हातात आहेत, यादी बघितली मी. त्यांनी लवकर वाजवावं, उशिरा वाजवावं, त्यांची मर्जी. मी ऐकून निघेन. चुकले तर नियमाने बाद करा, मान खाली घालून जाईन. पण रेषेच्या मागे नाही. अर्धं पाऊलसुद्धा नाही. एक कागद मी कोराच ठेवलाय. पेनात शाई आहे.